ओळंब्याने बांधलेल्या फळ्या

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमागे एक जुना गुलमोहर होता. त्याच्या बुंध्यावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, तपकिरी रंगाच्या दोन-तीन फळ्या उगवल्या होत्या. भिंतीत फळी ठोकावी तशा त्या खोडातून बाहेर आल्या होत्या. माळ्याने एके दिवशी त्यांतली सर्वांत मोठी फळी कोयत्याने खरवडून काढली आणि त्या जागी चुना फासला. "आता झाड बरं होईल," असे तो म्हणाला. दुसऱ्या वर्षी वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात गुलमोहर आडवा झाला. रात्रीची वेळ होती म्हणून सायकलींच्या छपराच्या पत्र्यावरच निभावले.

फांद्या तोडून नेल्या. खोड मात्र कुंपणाच्या भिंतीकडेला पडून राहिले. पावसाळा संपत आला तेव्हा बारावीतला एक विद्यार्थी मला जवळजवळ ओढतच तिकडे घेऊन गेला.

"सर, हे बघा. जुनी फळी उभी झालीय, पण तिच्या कडेला नवी वाढ झालीय ती आडवी आहे. दोघींत बरोबर काटकोन! असं का?"

खरोखरच, खोड आडवे झाल्यामुळे जुनी फळी ताटाळ्यात ठेवलेल्या थाळीसारखी उभी दिसत होती. आणि तिच्याच कडेतून निघालेली नवी, फिकट रंगाची वाढ जमिनीला समांतर पसरली होती. मी शिकवतो पदार्थविज्ञान. अळिंब्या आणि बुरशा हा काही माझा विषय नव्हे. पण काटकोन हा माझा विषय आहे! भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी ओळंबा सोडतो. या डोळे नसलेल्या जिवाजवळ कोणता ओळंबा असेल बरे? त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले आणि पाहिले, ते तुम्हांला सांगतो.

फळी म्हणजे झाडाचा रोग नव्हे, रोग्याचे फळ

प्रथम ही फळी म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात उकिरड्यावर छत्रीसारख्या अळिंब्या उगवतात त्या तुम्ही पाहिल्या आहेत. ही फळी त्यांचीच नातलग आहे. दोन्ही कवके आहेत. कवकाचे खरे शरीर म्हणजे अतिशय बारीक धाग्यांचे जाळे. हे जाळे लाकडाच्या आत पसरते, लाकूड पचवते आणि वाढते. ते आपल्याला दिसत नाही. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी या जाळ्याला ही फळी. तिचे काम एकच: बीजाणू तयार करून ते वाऱ्यावर सोडणे. सोयीसाठी अशा कवकांना आपण 'फळीकवके' म्हणू. कोकणातल्या वाचकांनी फणसाच्या जुन्या खोडावरचा कठीण, तपकिरी 'फणसोंबा' पाहिला असेल. तोही या मंडळींपैकीच.

आता आमच्या माळीबुवांची चूक तुमच्या लक्षात आली असेल. आंबे उतरवले म्हणून आंब्याचे झाड मरत नाही. तशी फळी खरवडली म्हणून आतले जाळे मरत नाही. उलट, ती फळी झाड आतून पोखरले जात असल्याची सूचना होती. आम्ही सूचनाच पुसून टाकली!

दोन अंशांचा हिशेब

अशा फळीच्या खालच्या बाजूकडे भिंगातून पाहा. तेथे सुईने टोचल्यासारखी हजारो छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एका उभ्या नळीचे तोंड. नळीच्या आतल्या भिंतींवर बीजाणू तयार होतात. पुष्कळ जातींत एका मिलिमीटरमध्ये तीन ते पाच छिद्रे बसतात. हिशेबासाठी नळीची रुंदी ०.२ मिलिमीटर आणि लांबी ५ मिलिमीटर धरू.

बीजाणू नळीच्या भिंतीवरून सुटतो कसा? त्याच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. हा थेंब बीजाणूच्या अंगावरच्या ओलाव्यात एकदम मिसळला की पृष्ठताणामुळे बीजाणूला झटका बसतो आणि तो गोफणीतल्या दगडासारखा उडतो. सुटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर असू शकतो. पण एवढ्या चिमुकल्या वस्तूला हवा मधासारखी दाट वाटते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास अंतर कापले की त्याचा वेग संपतो. आता तो नळीच्या मधोमध आहे, आणि तेथून पुढे त्याला फक्त गुरुत्वाकर्षण खाली नेते.

किती वेगाने? १८५१ मध्ये स्टोक्स या शास्त्रज्ञाने लहान गोळा द्रवातून किंवा वायूतून कोणत्या वेगाने पडेल याचा नियम दिला. तो तुम्ही पुढे शिकाल. बीजाणूची त्रिज्या ३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीन सहस्रांश धरून मी आकडेमोड केली. उत्तर आले सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे ५ मिलिमीटरची नळी उतरायला बीजाणूला पाच सेकंद लागतात. कॅनडात विनिपेग येथे काम करणारे कवकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सूक्ष्मदर्शक आडवा ठेवून बीजाणूंचे असे पडणे डोळ्यांनी पाहिले आणि मोजले. स्टोक्सच्या नियमाचा पडताळा एका अळिंबीने द्यावा, ही गंमतच नाही का?

आता मुख्य मुद्दा. समजा, फळी थोडी कलली. बीजाणू तर सरळ खालीच पडणार, पण नळी तिरपी झाली. ५ मिलिमीटर खाली येईपर्यंत नळी ०.२ मिलिमीटरने बाजूला सरकली, तर नळीच्या एका भिंतीलगत असलेला बीजाणूसुद्धा समोरच्या भिंतीवर आदळून चिकटेल. ०.२ भागिले ५ म्हणजे पंचविसात एक. कोनमापकावर हा कल दोन अंशांहून किंचित अधिक भरतो. बीजाणू नळीच्या मधोमध असेल तर त्याच्या निम्मा कलही पुरतो!

म्हणजे फळीला दोन अंशांचीही मुभा नाही. तिच्या नळ्या ओळंब्यात हव्यात. म्हणूनच पुष्कळ फळीकवके लाकडासारखी कठीण असतात. वाऱ्याने फळी लवली की नळ्या कलल्याच. आणि म्हणूनच झाड पडले की जुन्या नळ्या निकामी होतात, आणि कवक पुन्हा गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखून काटकोनात नवा थर बांधते. १९९३ मध्ये 'स्पेसलॅब' या अंतराळ प्रयोगशाळेत लाकडावर वाढणारी एक छत्रीवाली अळिंबी उगवून पाहिली. तेथे वजनरहित अवस्था. अळिंबीचे देठ वाट्टेल त्या दिशांना वाढले! ओळंबाच नाही, तर गवंड्याने तरी काय करावे?

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण एक उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न उभा राहतोच. "सर, या फळीचं नाव काय? आणि अशा किती जाती असतात?"

जुन्या अरण्याची शाळा

फळीकवके ओळखायला शिकायचे असेल तर त्यांची खरी शाळा भरते ती जुन्या सूचिपर्णी अरण्यांत. सूचिपर्णी म्हणजे सुईसारख्या पानांची झाडे: देवदार, चीड, फर, स्प्रूस वगैरे. आपल्याकडे ती हिमालयात आहेत आणि त्यांच्यावरही फळीकवके येतात. पण ज्यांचा अतिशय बारकाईने अभ्यास झाला आहे अशी अरण्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत आहेत. आजचा पाठ आपण तेथलाच घेऊ.

या अरण्यांतला मुख्य वृक्ष म्हणजे डग्लस फर. पाचशे वर्षांचे आणि सत्तर-ऐंशी मीटर उंचीचे डग्लस फर तेथे आहेत. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळी जे शंभर वर्षांचे होते, ते आजही उभे आहेत, असे म्हटले तर कल्पना येईल. त्यांच्या जोडीला हेमलॉक, स्प्रूस, सीडर आणि फरच्या इतर जाती. पाऊस भरपूर. जिवंत झाडे, उभी वाळलेली झाडे आणि पडून शेवाळलेले ओंडके, सारे एकाच ठिकाणी. लाकूड खाणाऱ्या कवकांना याहून मोठी पंगत कोठे मिळणार?

ओळखायचे कसे? पाच प्रश्न

नवशिका माणूस फळीची वरची बाजू पाहतो आणि रंगावरून नाव ठेवतो. तेथेच तो फसतो. एकच जात कोवळेपणी पांढरी, पुढे लाल आणि म्हातारपणी काळी असू शकते. म्हणून जाणकार माणूस पाच प्रश्न क्रमाने विचारतो.

पहिला प्रश्न: फळी कोठे आहे? झाड कोणते, जिवंत की मेलेले, फळी बुंध्याशी की उंचावर?

दुसरा: खालची बाजू कशी आहे? गोल छिद्रे, वेडीवाकडी भुलभुलैयासारखी छिद्रे, की छिद्रांऐवजी दातेच?

तिसरा: आतला गर कोणत्या रंगाचा, मऊ की कठीण? आपोआप गळून पडलेला तुकडा मिळाला तरच हे पाहावे.

चौथा: वरचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत, केसाळ की भेगाळलेला?

पाचवा: बीजाणूंची पूड कोणत्या रंगाची? त्यासाठी फळीखाली रात्रभर कोरा कागद ठेवला की काम झाले. ओळंब्याने बांधलेल्या नळ्यांतून पडणारी धूळ सकाळी कागदावर हजर असते.

या पूडीला कमी लेखू नका. गॅनोडर्मा या वर्गातल्या चपट्या कवकाची एक मोठी फळी दिवसाला सुमारे तीन हजार कोटी बीजाणू सोडते, असा अंदाज आहे. आणि हे काम महिनोन्‌महिने चालते.

काही ठळक ओळखी

आता या पाच प्रश्नांच्या आधारे अरण्यातून एक फेरी मारू.

मेलेल्या खोडावर, जाड खुरासारखी फळी दिसते आहे. मागचा भाग काळपट, मध्ये शेंदरी-लाल पट्टा आणि वाढती कड पांढरी. खालची बाजू मलईसारखी, छिद्रे गोल आणि बारीक. कधी कधी कडेवर पाण्याचे स्वच्छ थेंब लटकलेले. हे लाल पट्ट्याचे कवक, फोमिटॉप्सिस. त्याच्या पाठीवर राळेसारखे कवच असते. गळून पडलेल्या तुकड्याला प्रयोगशाळेत काडी लावली तर हे कवच वितळून बुडबुडे येतात. बर्चच्या झाडावरचे, पूर्वी ठिणगी धरण्यासाठी वापरले जाणारे राखी कवक दिसायला काहीसे असेच असते. पण ते वितळत नाही, नुसते करपते. हा प्रयोग अरण्यात मात्र कधीही करू नये. कोरड्या दिवसांत एक काडी पुरे होते.

हेमलॉकच्या ओंडक्यावर तांबूस-तपकिरी, वार्निश दिल्यासारखी चकचकीत फळी आहे. लाल पट्ट्याचे कवक समजून पुढे जाणार, इतक्यात खाली ठेवलेला कागद पाहा: पूड तपकिरी! लाल पट्ट्याच्या कवकाची पूड फिकट असते. आतला गर पांढुरका आणि बराच मऊ. हे गॅनोडर्मा ऑरेगोनेन्स. पाचव्या प्रश्नाने येथे काम केले.

आता मान वर करा. जिवंत डग्लस फरवर, दहा-पंधरा मीटर उंचीवर, जेथे जुनी फांदी मोडली होती तेथून एक काळपट, भेगाळलेली फळी निघाली आहे. दुर्बिणीतून खालची बाजू पाहिली तर गंजासारखी पिवळी-तपकिरी, छिद्रे वेडीवाकडी. हे पोरोडेडेलिया पिनी. ते झाडाच्या गाभ्यात राहते. झाडाचा गाभा हा मुळात मृत पेशींचा असतो. त्यामुळे गाभा कुजत असतानाही वरून हिरवे असलेले झाड अनेक वर्षे जगू शकते.

हेमलॉक आणि फरच्या खोडावर खुरासारखे एक कवक येते. त्याच्या खाली छिद्रेच नाहीत, जाडसर दाते आहेत! आणि आतला गर विटेसारखा लाल-नारिंगी. हे एकिनोडॉन्शियम टिंक्टोरियम. तेथले मूळ रहिवासी हा गर कुटून लाल रंग तयार करत. या कवकाने ग्रँड फर या झाडाचा गाभा पोकळ केला की त्या पोकळीत पाकोळीच्या जातीचे पक्षी रात्री आसरा घेतात. दुसऱ्या प्रश्नाने ओळख एका क्षणात पटते.

बुंध्याशी, मुळांतून वर आलेले, मखमली अंगाचे, कोवळेपणी पिवळ्या कडेचे आणि पुढे वाळलेल्या शेणाच्या पोसारखे दिसणारे कवक म्हणजे फिओलस. हे दिसले की त्या झाडाखाली वाऱ्याच्या दिवशी थांबू नये. ते बुंध्याचे लाकूड आतून कमकुवत करते.

आणि वाळलेल्या खोडावर नखाएवढ्या पातळ फळ्यांची रांगच रांग, खालून जांभळट झाक असलेली, दिसली तर ते ट्रायकॅप्टम अबिएटिनम. जुने झाले की जांभळा रंग उडून ते तपकिरी होते. म्हणून वाढती कड पाहावी.

सळया आणि सिमेंट

फळी ओळखली की आतल्या लाकडाचे काय होते आहे हेही कळते. लाकडाची रचना सळया घातलेल्या काँक्रीटसारखी असते. सेल्युलोजचे लांब धागे म्हणजे सळया. त्यांच्याभोवतीचे लिग्निन म्हणजे सिमेंट.

लाल पट्ट्याचे कवक आणि फिओलस हे सळया खातात. सिमेंट मागे राहते. ते तपकिरी होते, त्याला आडव्याउभ्या भेगा पडतात आणि लाकूड चौकोनी ठोकळ्यांसारखे सुटते. याला तपकिरी कूज म्हणतात. पोरोडेडेलिया आणि गॅनोडर्मा हे सिमेंटही फोडू शकतात. त्यांच्या तावडीतले लाकूड फिकट, तंतुमय होते किंवा त्यात पांढरे कप्पे दिसतात. ही पांढरी कूज.

सूचिपर्णी अरण्यांत तपकिरी कुजीचा वाटा मोठा. तिचे ठोकळे शतकानुशतके मातीत राहतात आणि स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. हेमलॉकची कितीतरी रोपे अशा कुजक्या ओंडक्यांवरच रुजतात. म्हणजे फळीकवक हे अरण्याचे नुसते सफाई कामगार नव्हेत, मातीचे गवंडीही आहेत.

ही कूज किती सावकाश चालते? ऑरेगनमधील एच. जे. अँड्रूज या प्रायोगिक अरण्यात मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये चार जातींचे पाचशेहून अधिक ओंडके सहा ठिकाणी मांडून ठेवले. प्रयोगाची मुदत ठरवली दोनशे वर्षे! ज्यांनी ओंडके मांडले त्यांना निकाल दिसणार नाही, हे त्यांना ठाऊकच होते.

एक नाव, ऐंशी वर्षांचा शोध

पाच प्रश्न विचारूनही कधी कधी ओळख पटत नाही. लाल पट्ट्याच्या कवकाचेच पाहा. युरोपातले आणि अमेरिकेतले हे कवक दिसायला इतके सारखे, की सर्वांना फोमिटॉप्सिस पिनिकोला हे एकच नाव होते. कॅनडातील आयरीन मौन्स या संशोधिकेने एकेका बीजाणूपासून जाळी वाढवली आणि कोणते जाळे कोणाशी जुळते हे पाहिले. १९३८ मध्ये तिने आणि रूथ मॅकरे हिने दाखवून दिले की अमेरिकेतल्या या कवकाचे दोन गट एकमेकांशी जुळतच नाहीत. दिसायला भाऊ, पण सोयरीक नाही!

पुढे आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, वाचण्याची सोय झाली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लाल पट्ट्याच्या कवकांतून दोन नव्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांतल्या एकीचे नाव ठेवले फोमिटॉप्सिस मौन्सी. पेट्रीच्या बशीत धागे जुळवत बसलेल्या त्या बाईंचे म्हणणे ऐंशी वर्षांनी नावातच कोरले गेले.

ओळख चुकली तर काय बिघडले?

तुम्ही म्हणाल, नाव हे असो की ते असो, फरक काय पडतो? दोन उदाहरणे सांगतो.

जुन्या डग्लस फरवर आणि लार्चवर अ‍ॅगॅरिकॉन नावाचे एक कवक येते. पांढुरके, खडूसारखे भुसभुशीत, वर्षानुवर्षे थरावर थर चढून खांबासारखे लांबलेले. चव काडेकिराईतासारखी कडू. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने पहिल्या शतकात या नावाच्या औषधाचे वर्णन केले आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हैडा, ट्लिंगिट, त्सिमशियन या लोकांच्या मांत्रिकांच्या थडग्यांवर कोरलेल्या आकृती ठेवलेल्या असत. त्या संग्रहालयांत गेल्या आणि लाकडी म्हणून नोंदल्या गेल्या. १९९२ मध्ये रॉबर्ट ब्लँचेट आणि सहकाऱ्यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. ते लाकूड नव्हतेच. ते अ‍ॅगॅरिकॉन होते! एका समाजाने कोणत्या वस्तूला पवित्र मानले, हे ओळख चुकल्यामुळे इतकी वर्षे कळलेच नव्हते. आज हे कवक स्वतःच जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले आहे. त्याला म्हातारी झाडे लागतात, आणि म्हातारी झाडेच प्रथम तोडली गेली.

दुसरे उदाहरण ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस या राजेशाही कवकाचे. १९४९ मध्ये विल्यम ब्रिज कुक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची पाठ इतकी केसाळ असते की तिच्यावर शैवाल आणि शेवाळे वाढतात, आणि फळी झाडीत लपून जाते. त्याची एक फळी तर सुमारे १३६ किलोची, दोन माणसांच्या वजनाची भरली होती! हे कवक ठराविक जातींच्या मोठ्या फरच्या बुंध्याशीच आढळते. १९९४ च्या वायव्य वन योजनेत ते खास तपासणीच्या यादीत आले: सरकारी वनात तोड करण्यापूर्वी हे कवक तेथे आहे का ते पाहायचे. म्हणजे एका माणसाने गुडघे टेकून, शेवाळे न्याहाळून "हे तेच" असे बरोबर ओळखले, तर कुऱ्हाड तेथून मागे फिरू शकते. आणि तो चुकला तर पाचशे वर्षे एका दिवसात आडवी होतात. ओळखीची किंमत ही अशी असते.

आता तुमची पाळी

ऑरेगन दूर आहे. पण फळीकवके तुमच्या गावातही आहेत. रस्त्याकडेचा गुलमोहर, जुना आंबा, फणस, वखारीमागचा ओंडका, कोठेही पाहा. एक वही करा. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा तयार करा, कंपासपेटीतला कोनमापक बरोबर घ्या. पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहा. फळीच्या खालच्या बाजूचा ओळंब्याशी कोन मोजा. उभ्या झाडावरची फळी आणि पडलेल्या ओंडक्यावरची फळी, दोन्ही मोजा. जुनी फळी तिरपी आणि नवा थर सपाट दिसला, तर ते झाड फळी आल्यानंतर पडले. सारेच थर सपाट असतील, तर ती फळी झाड पडल्यानंतर उगवली. ओंडका स्वतःची हकिगत अशी सांगतो.

दोन पथ्ये मात्र पाळा. कोणतेही कवक तोंडात घालू नका. आणि उभ्या झाडावरची फळी तोडू नका. वर्दळीच्या ठिकाणच्या झाडाच्या बुंध्याशी फळी दिसली तर ती खरवडू नका. मोठ्या माणसांना दाखवा आणि झाड जाणकाराकडून तपासून घ्यायला सांगा.

आमच्या गुलमोहराचे पुढे काय झाले? सुट्टीत तो ओंडका जळणासाठी न्यायला माणूस आला होता. बारावीतल्या त्या विद्यार्थ्याने प्राचार्यांकडे जाऊन तो तेथेच ठेवण्याची परवानगी मिळवली. खरवडलेल्या जागेवरचा चुना केव्हाच धुऊन गेला. त्याच्या शेजारी, बरोबर ओळंब्यात, आता तिसरा थर येतो आहे. तो मोजण्याचे काम दर पावसाळ्यात अकरावीच्या नव्या वर्गाकडे असते.